पापुद्रे का सुटतात? मोटरहोमचा फ्लोअर, मॉस्किटो विमान आणि ‘पाण्यामुळे झालं’ हे सोपं उत्तर



पेटची तयारी करताय, सिनॉप्सिस लिहायला बसलाय, आणि गाईडने विचारलंय, “तुमच्या निरीक्षणामागचं कारण तुम्ही कसं ठरवणार?” इथे बरेच जण अडखळतात. मेथडॉलॉजीच्या पुस्तकात व्हेरिएबल, कंट्रोल, कन्फाउंडर यांच्या व्याख्या मिळतात. पण खऱ्या वस्तूसमोर उभं राहिलं की त्या व्याख्या कुठे लावायच्या ते कळत नाही. म्हणून आज एक वस्तूच घेऊ. मोटरहोमचा फ्लोअर.

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. व्हॅनच्या चासीवर बांधलेली खोली. आत ओटा, पलंग, छोटा संडास. ब्रिटन, जर्मनी, अमेरिका इथे लोक सुट्टीत अशा गाड्या घेऊन फिरतात. काही वर्षं वापरल्यावर यातल्या काही गाड्यांचा फ्लोअर दारापाशी किंवा ओट्यासमोर पायाखाली दबायला लागतो. चालताना करकर आवाज येतो. मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “कुठून तरी पाणी मुरलंय.” पुष्कळदा ते बरोबर असतं. पण काही फ्लोअर उघडून पाहिले तर लाकूड खडखडीत कोरडं असतं आणि थर मात्र सुटलेले असतात.

म्हणजे लक्षण एक, कारणं दोन. दुरुस्तीही वेगवेगळी. नेमका हाच पेच 1944 साली लढाऊ विमानांच्या बाबतीत आपल्या देशातल्या तळांवर उभा राहिला होता. तिथपर्यंत जायच्या आधी या फ्लोअरच्या पोटात काय असतं ते बघू.

दोन प्लाय, मध्ये फोम

हा फ्लोअर म्हणजे सँडविच. वर पातळ प्लाय, खाली पातळ प्लाय (काही गाड्यांत खाली फायबरग्लासचा पत्रा), आणि मध्ये हलका फोम. कडेने आणि जिथे वजन येतं तिथे लाकडी पट्ट्या. हे सगळं गोंदाने चिकटवून दाबाखाली एकजीव केलेलं.

आता साधा हिशोब करा. एकसारख्या दोन फळ्या एकमेकींवर नुसत्या ठेवल्या तर त्यांचा वाकण्याला होणारा विरोध एका फळीच्या दुप्पट होतो. त्याच फळ्या चिकटवल्या तर तो आठपट होतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणजे गोंद सुटला की ताठपणा एकदम पाव होतो. लाकूड तेवढंच, वजन तेवढंच.

सँडविचमध्ये हा फरक आणखी मोठा असतो. समजा वर-खाली 5 मिलिमीटरचा प्लाय आणि मध्ये 30 मिलिमीटरचा फोम आहे. चिकटलेल्या अवस्थेत दोन्ही प्लाय मिळून जेवढा ताठपणा देतात, तो सुटलेल्या प्लायच्या जवळजवळ 150 पट येतो. (पेन घेऊन स्वतः काढून बघा. यात फोम स्वतः घसरत नाही असं धरलंय, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा कमी येतो. पण फरकाचा आवाका कळतो.) फ्लोअरचा जवळजवळ सगळा ताठपणा दोन गोंदरेषांच्या भरवशावर उभा असतो. कोणी दिवसातून पन्नासदा ओट्यासमोर उभं राहिलं की तिथला वरचा प्लाय वाकतो, फोमवर आडवा ताण येतो, आणि गोंदरेषेत जिथे आधीच कमकुवत जागा असेल तिथून पापुद्रा सुटायला सुरुवात होते. एकदा सुटलेली जागा जास्त वाकते, म्हणून शेजारचीही सुटते.

तेव्हा या वस्तूचा इतिहास लिहायचा तर तो लाकडाचा कमी आणि गोंदाचा जास्त होतो.

सरस, दूध आणि रक्त

आपल्या जुन्या सुतारांकडचा सरस तुम्ही कदाचित पाहिला नसेल, पण आजोबांना विचारा. हाडं, कातडं उकळून केलेला, गरम करून लावायचा. पकड उत्तम, पण पाणी लागलं की विरघळणार. 1905 साली अमेरिकेत पोर्टलंडच्या प्रदर्शनात डग्लस फरच्या प्लायचे तक्ते मांडले गेले तेव्हाही असाच प्राणिजन्य गोंद वापरात होता. पहिल्या महायुद्धातल्या विमानांत केसीन आलं. केसीन म्हणजे दुधातलं प्रथिन; त्यात चुना मिसळून गोंद होतो. रक्तातल्या अल्ब्युमिनचा गोंदही आला, तो गरम दाबयंत्रात घट्ट बसायचा. हे गोंद सरसापेक्षा ओलाव्यात बरे टिकत. पण शेवटी प्रथिनंच ती. दमट हवेत बुरशीला खाद्य.

याच काळात अमेरिकन मोटारींचे फूटबोर्ड प्लायचे होऊ लागले होते. पण पाण्याला टिकणारा गोंद नव्हता, म्हणून मोटार कंपन्या शेवटी पत्र्याकडे वळल्या. मोटरहोमच्या फ्लोअरची ही एका अर्थाने आधीची पिढीच. पायाखालचा प्लाय, वाहनावरचा, आणि गोंदाने दगा दिलेला.

1934 साली वॉशिंग्टन राज्यातल्या अ‍ॅबरडीन गावात हार्बर प्लायवूड कंपनीच्या जेम्स नेव्हिन या रसायनशास्त्रज्ञाने पूर्णपणे पाण्यात टिकणारा प्लायचा गोंद तयार केला. पुढे बाहेर वापरायच्या प्लायसाठी फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रूढ झालं. त्याला दाबयंत्रात उष्णता लागते, रेषा तपकिरी काळपट दिसते, पण उकळत्या पाण्यातही ती सुटत नाही. दुसरा भाऊ युरिया-फॉर्माल्डिहाइड. हा फिकट रंगाचा, स्वस्त, आणि आम्ल घातलं की साध्या तापमानालाही घट्ट होणारा. त्याचे दोन दोष मात्र लक्षात ठेवा. उष्णता आणि ओलावा एकत्र आले की त्याचे बंध हळूहळू जलविघटनाने तुटतात. आणि गोंदरेषा जाड राहिली तर तो सुकल्यावर तडकतो.

आजही दुकानात प्लाय घेताना ‘एमआर’ की ‘बीडब्ल्यूपी’ हा प्रश्न येतो, तो मुळात याच दोन भावांमधला. आयएस 710 च्या मरीन प्लायचा नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात, आणि मग पापुद्रे सुरीने उचकटून बघतात.

लाकडी विमान

ब्रिटनमध्ये नॉर्मन डी ब्रुइन या केंब्रिजच्या शास्त्रज्ञाने डक्सफर्डला एअरो रिसर्च ही छोटी कंपनी काढली. तिने 1937 च्या सुमारास ‘एरोलाइट’ हा युरिया-फॉर्माल्डिहाइड गोंद आणला. एका पृष्ठभागावर रेझिन, दुसऱ्यावर आम्लाचा हार्डनर, आणि दोन्ही दाबून धरायचे. त्याच वर्षी डी हॅव्हिलंड कंपनीचं अल्बॅट्रॉस विमान उडालं. त्याचा सांगाडा प्लाय आणि बाल्साच्या सँडविचचा होता. 25 नोव्हेंबर 1940 ला मॉस्किटो उडालं. वर-खाली बर्चचा प्लाय, मध्ये इक्वेडोरचं हलकं बाल्सा लाकूड. आपल्या मोटरहोमच्या फ्लोअरशी तुलना करा: फोमच्या जागी बाल्सा, बाकी रचना तीच.

युद्धात अ‍ॅल्युमिनियमची टंचाई होती, पण फर्निचरचे कारखाने आणि सुतार होते. त्यामुळे मॉस्किटोचे भाग अशा कारखान्यांतूनही बनले. एकूण 7,781 विमानं तयार झाली. सुरुवातीला केसीन वापरलं, मग कंपनी युरिया-फॉर्माल्डिहाइडकडे वळली.

आता संशोधक म्हणून थांबा आणि या वाक्यात किती व्हेरिएबल बदलली ते मोजा. गोंदाचा प्रकार बदलला. बनवणारे हात वेगवेगळे. उत्पादनाचा वेग वाढलेला. आणि ही विमानं इंग्लंडच्या थंडीपासून बंगालच्या पावसापर्यंत सगळीकडे गेली.

नोव्हेंबर 1944

ब्रह्मदेशातल्या लढाईसाठी मॉस्किटो भारतात आली होती. नोव्हेंबर 1944 मध्ये काही विमानं कोसळली, त्यात माणसं गेली. विमानं जमिनीवर थांबवून तपासणी सुरू झाली. पंखाच्या मुख्य तुळईपासून वरची प्लायची कातडी उचलली जाते असं दिसलं. पापुद्रा सुटला होता.

पहिला संशय गोंदावर गेला: केसीन या उन्हात आणि पावसात तडकलं असणार. मग कंपनीकडून मेजर हेरवर्ड डी हॅव्हिलंड यांचं पथक भारतात आलं. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांचा अहवाल आला. गोंद खराब झालेला नाही. पावसाळी हवेत लाकडाच्या आकारात फरक पडला आणि त्यामुळे सांधे सुटले, असा त्याचा सूर होता.

हे स्पष्टीकरण भौतिकदृष्ट्या पटण्यासारखं आहे, हे आधी मान्य करू. लाकूड ओलाव्याने धाग्याच्या आडव्या दिशेने काही टक्के फुगतं-आकसतं, तर धाग्याच्या दिशेने टक्क्याच्या दशांशातच. असे वेगवेगळ्या दिशांचे तुकडे एकमेकांना चिकटवले की हवामान बदलताना गोंदरेषेवर ताण येणारच. पावसाळ्यात घराचं दार अडकतं, तेच हे.

पण पटण्यासारखं असणं आणि तपासलेलं असणं यात फरक आहे. विमानं पावसात होती आणि विमानांचे पापुद्रे सुटले, एवढ्यावर पाऊस हे कारण ठरत नाही. त्यासाठी प्रश्न उलटा विचारावा लागतो: जी विमानं पावसात कधी गेलीच नाहीत, त्यांचं काय?

पुढच्या चौकशीत हेच झालं. इंग्लंडमध्ये डेफर्ड इथे विमान उत्पादन मंत्रालयाच्या पथकाने सहा प्रकारची मॉस्किटो तपासली. ती हॅटफील्ड आणि लीव्हस्डन इथल्या कारखान्यांत बनलेली होती. त्यांनी मान्सून पाहिला नव्हता, त्यांना वाळवी लागलेली नव्हती. तरीही तसेच दोष सापडले. पथकाचा निष्कर्ष असा होता की चिकटवण्याच्या कामाचा दर्जाच कमी पडला होता.

तुम्ही लॅबमध्ये ज्याला कंट्रोल म्हणता तो हाच. ओलावा काढून टाकला, परिणाम तरी राहिला. म्हणजे एकटा ओलावा पुरेसं स्पष्टीकरण देत नाही.

तरीही हवाई मंत्रालयाने बाहेर ‘मुख्यतः हवामान’ हेच कारण धरून ठेवलं. युद्ध चालू होतं, आणि वैमानिकांचा विमानावरचा विश्वास उडू द्यायचा नव्हता. पहिला अहवाल लिहिणारे मेजर हे कंपनीच्या संस्थापकांचे धाकटे भाऊ होते, हेही नोंदवून ठेवा. यावरून त्यांनी मुद्दाम चुकीचं लिहिलं असं सिद्ध होत नाही, आणि तसा आरोप करण्याची गरजही नाही. पण स्रोत वाचताना लिहिणारा कोण, त्याला कोणतं उत्तर सोयीचं होतं, हा प्रश्न विचारावाच लागतो. हवामान या उत्तराची सोय अशी की त्यात कोणाचीच चूक नसते.

दुरुस्ती काय झाली? पंखाच्या लांबीभर कातडीच्या सांध्यावर प्लायची एक पट्टी बसवून फट बंद केली गेली, म्हणजे पाणी आत झिरपायला नको. ही पट्टी उपयोगाची होती. पण ती फक्त एका कारणाला उत्तर देते. आत मुळात नीट न बसलेला गोंद पट्टीखाली तसाच राहतो.

आता एक बारकावा. ‘पाणी की काम’ हा वाद लावताना दोन्ही एकमेकांशी जोडलेले असू शकतात हे विसरू नका. नीट न दाबलेल्या सांध्यात बारीक फट राहते. फटीतून पाणी शिरतं. लाकूड फुगून फट वाढवतं. पावसात असलेलं विमान आधी पडेल आणि इंग्लंडमधलं उभं राहील, पण बी दोघांत एकच. संख्याशास्त्रात याला इंटरॅक्शन म्हणतात. तुमच्या डेटात दोन कारणं एकमेकांना मदत करत असतील, तर ‘खरं कारण कोणतं’ असा प्रश्न विचारण्यापेक्षा ‘यातलं एक काढलं तर काय उरतं’ असा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

विमानातून घरात

युद्धानंतर बाल्साची जागा हळूहळू फोमने घेतली. पॉलीयुरेथेनचं रसायन ओटो बायर यांनी 1937 मध्ये जर्मनीत मांडलं होतं. पॉलिस्टायरीनचा फोम 1940 च्या दशकात अमेरिकेत डाऊ कंपनीने बाजारात आणला. थंडीपासून बचाव करणारा, हलका, स्वस्त. चाकांवरच्या घराला आणखी काय हवं? बाल्साचं सँडविच विमानाला परवडलं. फोमचं सँडविच सुट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाला परवडू लागलं.

दुरुस्तीचा गोंदही त्याच काळातला. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान यांच्या कामातून आलेलं इपॉक्सी रेझिन सिबा कंपनीने 1946 मध्ये ‘अ‍ॅराल्डाइट’ नावाने लोकांसमोर आणलं. डी ब्रुइन यांची डक्सफर्डची कंपनीही 1940 चं दशक संपता संपता सिबाकडे गेली. आपल्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात अ‍ॅराल्डाइटच्या दोन ट्यूबा मिळतात, त्यांच्या घराण्यात मॉस्किटोचा गोंद आहे.

फ्लोअर दुरुस्त करताना

आता आपल्या मऊ फ्लोअरकडे येऊ. जाणकार कारागीर आधी छिद्र पाडत नाही. तो आधी निदान करतो, आणि त्याचा क्रम बघण्यासारखा आहे.

एक, हद्द ठरवणं. पायाने दाबून, नाण्याने टकटक करून सुटलेला भाग खडूने आखायचा. चिकटलेली जागा भरीव वाजते, सुटलेली पोकळ.

दोन, ओलावा मोजणं. दोन सुयांचं मीटर प्लायमध्ये टोचायचं, आणि फक्त मऊ जागेत नाही, चांगल्या जागेतही. आधारासाठी तुलना हवी. रीडिंग जास्त आलं तर पाणी कुठून येतं ते आधी शोधायचं: दाराची चौकट, चाकावरची कमान, पाण्याची टाकी, नळाचा सांधा. काळं पडलेलं, बोटाने कुरतडलं जाणारं लाकूड असेल तर रेझिन भरून उपयोग नाही. कुजलेलं कापून काढून नवा तुकडा बसवायचा.

तीन, शक्य असेल तिथे गोंदरेषा डोळ्याने बघणं. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण तुटलेला पृष्ठभाग स्वतः बोलतो. प्लायच्या उघड्या बाजूला फोमचा पातळ थर चिकटलेला दिसला तर गोंदाने काम केलंय, फोम फाटलाय. वापराचा ताण जास्त झाला. गोंद गुळगुळीत, चकचकीत दिसला आणि त्यावर फोमचा कणही नसेल, तर तिथे पकड कधी बसलीच नव्हती. दाब कमी पडला, धूळ होती, किंवा दाबायच्या आधीच गोंद सुकला. प्लायच्या तपासणीतही हाच निकष असतो: उचकटल्यावर किती टक्के भागात लाकडाचे धागे फाटले ते बघतात. धागे फाटले तर जोड चांगला.

लाकूड कोरडं आणि सशक्त असेल तरच पुढचं काम. आखलेल्या भागात चौकटीसारखी बारीक छिद्रं पाडतात, फक्त वरच्या प्लायमधून. ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळतात म्हणजे खालचा थर फुटत नाही. सिरिंजने पातळ इपॉक्सी भरत जातात, शेजारच्या छिद्रातून ते वर आलं की पुढे सरकतात. मग छिद्रांत लाकडी खुंट्या ठोकतात, वर प्लास्टिक आणि फळी ठेवून वजन देतात, आणि निदान एक दिवस हात लावत नाहीत.

इथे एक रसायनशास्त्राची गोम आहे. फोम पॉलिस्टायरीनचा असेल तर स्वस्त पॉलिएस्टर रेझिन चालत नाही. त्यात स्टायरीन असतं, आणि ते फोमला विरघळवून टाकतं. थर भरायला गेलात आणि पोकळी वाढवून आलात असं होतं. म्हणून इपॉक्सी.

आणि या पद्धतीची मर्यादाही नीट समजून घ्या. रेझिन भरलं की फ्लोअर ताठ होतो. तो पाण्याने सुटलेला असो की खराब चिकटवल्यामुळे, दुसऱ्या दिवशी दोन्ही तितकेच छान वाटतात. म्हणजे दुरुस्ती यशस्वी झाली यावरून निदान बरोबर होतं असं म्हणता येत नाही. गळती तशीच असेल तर प्लाय आतून कुजत राहतो, आणि वरून पाय ठेवल्यावर कळत नाही. मॉस्किटोच्या पट्टीने पाणी अडवलं, सांधा तसाच राहिला. इथे सांधा भरला, पाणी तसंच.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

तुमचा विषय विहिरीतलं नायट्रेट असो, सोयाबीनवरचा रोग असो की दहावीच्या मुलांची गळती, प्रस्तावनेत कुठेतरी ‘यामुळे हे झालं’ असं एक वाक्य तुम्ही लिहिलेलं असणार. त्या वाक्याखाली पेन्सिलने तीन ओळी लिहा.

पहिली: हे कारण नसतानाही हा परिणाम दिसतो का, आणि ते मी कुठे जाऊन बघणार? तुमचं डेफर्ड कोणतं?

दुसरी: हे कारण मला कोणाच्या अहवालातून मिळालं, आणि ते उत्तर कोणाला सोयीचं होतं?

तिसरी: मी सुचवणार असलेला उपाय चालला, तर त्यावरून माझं कारण सिद्ध होईल, की कोणतंही कारण असतं तरी तो चाललाच असता?

पहिल्या ओळीचं उत्तर सुचत नसेल तर गाईडकडे जायच्या आधी त्यावरच दोन दिवस घालवा. सॅम्पलिंगचा आराखडा बहुतेक वेळा त्याच उत्तरातून निघतो.